बर्न पिटचा धूर, फुप्फुसाचा आजार आणि व्हीएचा क्लेम: पहिल्या कागदापासून अपिलापर्यंत

अमेरिकेच्या सैन्यात आता मराठी घरांतली मुलं-मुलीही आहेत, जावई-सुनाही आहेत. त्यातले बरेच जण इराक, कुवेत, अफगाणिस्तान करून आले. तळाच्या कडेला मोठा खड्डा खणून त्यात सगळा कचरा जाळायचा, ही तिथली रोजची पद्धत होती. प्लास्टिक, रंगाचे डबे, बॅटऱ्या, दवाखान्यातला कचरा, सगळं जेट इंधन ओतून पेटवलं जायचं. यालाच बर्न पिट म्हणतात. इराकमधल्या बलाद तळावरचा खड्डा सुमारे दहा एकरांवर पसरलेला होता आणि सैनिक त्याच्याच धुरात झोपत, जेवत, पळत होते. घरी आल्यावर कुणाला महिनोन्‌महिने खोकला, कुणाला दोन मजले चढताना धाप. वयाच्या चाळिशीत हातात इनहेलर आलेलेही पुष्कळ आहेत.

हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांच्या फायली सांभाळणाऱ्या घरच्यांसाठीही. व्हीए, म्हणजे अमेरिकेचं माजी सैनिक खातं, या आजारांसाठी दरमहा करमुक्त भरपाई देतं. पण ती आपोआप येत नाही, मागावी लागते.

मुख्य मुद्दा आधीच सांगतो. बहुतेक जण सगळा जोर धूर होता, आपण तो श्वासात घेतला, हे सिद्ध करण्यात घालवतात. ठरावीक देशांत सेवा केलेल्यांना २०२२ पासून ते सिद्ध करावंच लागत नाही. क्लेम अडकतो तो दुसरीकडे. एक तर निदानाचं नाव नेमकं नसतं, नाहीतर फुप्फुसांच्या चाचणीचा अहवाल अर्धवट असतो. तेव्हा वेळ आणि पैसा या दोन गोष्टींवर घाला.

कायद्याने काय बदललं

१० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी पॅक्ट कायद्यावर सही केली. ओहायो नॅशनल गार्डमधले सार्जंट फर्स्ट क्लास हीथ रॉबिन्सन फुप्फुसाच्या कर्करोगाने २०२० साली वारले. कायद्याला त्यांचं नाव आहे. या कायद्याआधी बहुतेक आजारांसाठी सैनिकाला तीन गोष्टी दाखवाव्या लागत: सेवेत काय घडलं, आज आजार कोणता आहे, आणि या दोहोंना जोडणारं डॉक्टरांचं मत. शेकडो क्लेम या तिसऱ्या गोष्टीपाशी पडायचे, कारण पंधरा वर्षांपूर्वीच्या धुराने आजचा आजार झाला असं लिहून द्यायला कुणी डॉक्टर सहज तयार होत नसे.

पॅक्ट कायद्याने ही तिसरी कडी काढून टाकली. तुम्ही ठरावीक काळात ठरावीक ठिकाणी होतात आणि यादीतला आजार तुम्हाला आहे, एवढं दिसलं की त्याचं कारण सेवाच आहे असं व्हीए गृहीत धरते. अशा आजारांना सगळे प्रिझम्प्टिव्ह म्हणतात, मीही तोच शब्द वापरतो.

ठिकाणांचे दोन गट आहेत. २ ऑगस्ट १९९० किंवा त्यानंतर बहरीन, इराक, कुवेत, ओमान, कतार, सौदी अरेबिया, सोमालिया, संयुक्त अरब अमिराती इथे सेवा केलेले पहिल्या गटात येतात. ११ सप्टेंबर २००१ किंवा त्यानंतर अफगाणिस्तान, जिबुती, इजिप्त, जॉर्डन, लेबनॉन, सीरिया, उझबेकिस्तान, येमेन इथे असलेले दुसऱ्या गटात. या देशांवरच्या हवाई हद्दीतली सेवाही धरली जाते. तिथे किमान इतके महिने असायला हवं अशी अट नाही. प्रत्यक्ष खड्ड्याजवळ ड्यूटी होती का, हेही कुणी विचारत नाही.

फुप्फुसं आणि श्वसनमार्गाच्या आजारांची यादी अशी: सेवेनंतर निदान झालेला दमा, जुनाट ब्राँकायटिस, सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार), एम्फिसीमा, जुनाट सायनसायटिस, जुनाट ऱ्हायनायटिस, कन्स्ट्रिक्टिव्ह किंवा ऑब्लिटरेटिव्ह ब्राँकिओलायटिस, इंटरस्टिशियल लंग डिसीज, पल्मनरी फायब्रोसिस, प्लुरायटिस, सार्कॉइडोसिस आणि ग्रॅन्युलोमॅटस आजार. श्वसनमार्गाचा कोणताही कर्करोगही यात येतो.

व्हिएतनामच्या पिढीसाठी वेगळा रस्ता आहे. ९ जानेवारी १९६२ ते ७ मे १९७५ या काळात व्हिएतनाममध्ये असलेल्यांचा फुप्फुस, श्वासनलिका किंवा स्वरयंत्राचा कर्करोग एजंट ऑरेंजमुळे, म्हणजे तिथे फवारलेल्या झाडं मारणाऱ्या रसायनामुळे, झाला असं गृहीत धरलं जातं. पॅक्ट कायद्याने त्यात थायलंडमधले तळ, लाओस, कंबोडियाचा काही भाग, ग्वाम, अमेरिकन सामोआ आणि जॉन्स्टन बेट यांची भर घातली, प्रत्येकाच्या तारखा वेगळ्या. नौदलाच्या जुन्या जहाजांवर अस्बेस्टॉस श्वासात गेलेल्यांना मात्र प्रिझम्प्टिव्हचा आधार नाही. तिथे अजूनही तिन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात, डॉक्टरांचं जोडणारं मतही लागतं.

आज संध्याकाळी करायचं काम

कागद गोळा व्हायला महिने जातात. भरपाई मोजली जाते ती क्लेम व्हीएकडे पोहोचला त्या तारखेपासून. त्यामुळे सगळ्यात आधी 'इंटेंट टू फाइल' नोंदवा, म्हणजे मी क्लेम करणार आहे अशी सूचना. फॉर्म २१-०९६६, नाहीतर व्हीएच्या फोन क्रमांकावर १-८००-८२७-१००० वर सांगितलं तरी चालतं. व्हीएच्या संकेतस्थळावर लॉगिन करून क्लेमचा फॉर्म सुरू करून ठेवला तरी ही नोंद होते. त्या दिवसापासून पूर्ण क्लेम द्यायला एक वर्ष मिळतं आणि मंजुरी आली की पैसे या पहिल्या तारखेपासून धरले जातात. वर्ष उलटलं तर ती तारीख गेली.

तारखेबाबत आणखी दोन गोष्टी. सैन्य सोडून वर्ष झालं नसेल आणि त्या आत क्लेम गेला, तर भरपाई सेवेतून सुटका झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मिळू शकते. अजून सेवेत असाल तर सुटकेच्या १८० ते ९० दिवस आधीच क्लेम देता येतो. दुसरी गोष्ट फार थोड्या लोकांना ठाऊक असते: पॅक्ट कायदा लागू झाला तेव्हाच आजार होता आणि तेव्हापासून तो सलग आहे असं कागदांवरून दिसत असेल, तर क्लेमच्या तारखेच्या मागे एक वर्षापर्यंतची भरपाई मागता येते. निर्णयपत्रात ती दिली नसेल तर विचारा.

बर्न पिट रजिस्ट्रीत नाव आहे म्हणजे क्लेम झाला, असं समजून बसलेली माणसं मी पाहिली आहेत. रजिस्ट्री संशोधनासाठी आहे. व्हीएच्या दवाखान्यात होणारी पाच-दहा मिनिटांची टॉक्सिक एक्स्पोजर स्क्रीनिंगही क्लेम नाही, पण ती जरूर करून घ्या, कारण तिची नोंद तुमच्या वैद्यकीय फाइलमध्ये राहते. ५ मार्च २०२४ पासून अशा विषारी संपर्कात आलेल्या माजी सैनिकांना भरपाईचा क्लेम न करताही थेट व्हीएच्या आरोग्यसेवेत नाव घालता येतं. त्याचा फायदा पुढे चाचण्यांच्या वेळी कळेल.

तिथे होतो, याचा कागद

डीडी २१४ हा सुटकेचा दाखला. त्यातला शेऱ्यांचा रकाना आणि पदकांचा रकाना नीट वाचा. इराक कँपेन मेडल किंवा अफगाणिस्तान कँपेन मेडल दिसलं की बरंच काम झालं. कधी कधी तिथे काहीच नसतं, विशेषतः हवाई दलात थोड्या दिवसांच्या कामगिरीवर गेलेल्यांच्या बाबतीत. मग पगाराच्या जुन्या पावत्या शोधा. धोक्याच्या क्षेत्राचा भत्ता किंवा त्या महिन्याची करसवलत दिसली की ठिकाण आणि तारीख दोन्ही कळतात. प्रवासभत्त्याची बिलं, नेमणुकीचे आदेश, त्या काळातला कामगिरी अहवाल, हेही चालतं. संरक्षण खात्याकडे आयएलईआर नावाची संगणकीय नोंद असते, त्यात कोण कुठे होतं आणि तिथे हवेत काय होतं हे जोडलेलं असतं. व्हीए ती स्वतः पाहते. आपल्या क्लेममध्ये तिचा उल्लेख मात्र करून ठेवा.

यापुढे धूर किती होता यावर पानंच्या पानं लिहू नका.

निदानाचं नाव

'श्वास लागतो', 'जुना खोकला', 'रिअ‍ॅक्टिव्ह एअरवे' अशा शब्दांवर क्लेम मंजूर होत नाही. ही लक्षणं झाली. फाइलमध्ये डॉक्टरांनी वरच्या यादीतलं एखादं नाव ठळकपणे लिहिलेलं हवं. फुप्फुसतज्ज्ञाकडे जाताना ही यादी बरोबर घेऊन जा आणि सरळ विचारा: डॉक्टर, माझ्या आजाराला यातलं कोणतं नाव लागतं? चुकीचं नाव लिहून घ्यायला नाही, तर बरोबर नाव लिहायचं राहून जाऊ नये म्हणून. नाकाचंही विसरू नका. रोज सकाळी चोंदलेलं नाक, वर्षाला तीन-चारदा सायनस, हे लोक आजारात धरतच नाहीत, पण जुनाट ऱ्हायनायटिस आणि सायनसायटिस ही दोन्ही यादीत आहेत.

सगळ्यात अवघड प्रकरण कन्स्ट्रिक्टिव्ह ब्राँकिओलायटिसचं. यात फुप्फुसातल्या अगदी बारीक नळ्या आतून आवळत जातात. छातीचा एक्स-रे स्वच्छ, सीटी स्कॅन बहुधा साधारण, फुंकायची चाचणीही जवळजवळ ठीक, आणि माणूस मात्र पूर्वीसारखा दोन मैल पळू शकत नाही. जून २००३ मध्ये मोसुलजवळच्या मिश्राक गंधक कारखान्याला आग लागली होती. त्या धुरात आणि इतरत्रही काम केलेले फोर्ट कँपबेल या लष्करी तळाचे सैनिक नंतर व्हँडरबिल्ट विद्यापीठात तपासणीला आले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ८० जण होते. त्यातल्या ४९ जणांची फुप्फुसाची बायोप्सी झाली आणि ३८ जणांमध्ये हा आजार निघाला. बाकीच्या चाचण्या बहुतेकांच्या साधारणच होत्या. निदान पक्कं होतं ते शस्त्रक्रिया करून काढलेल्या तुकड्यावरून. म्हणून केवळ क्लेमसाठी बायोप्सी करून घ्या असं मी कुणालाही सांगणार नाही. तो निर्णय उपचाराच्या दृष्टीने, फुप्फुसतज्ज्ञाशी बोलूनच घ्यायचा. बायोप्सी नको असेल तर आखाती युद्धक्षेत्रात सेवा केलेल्यांना दुसरी वाट आहे: सहा महिन्यांहून अधिक टिकलेली आणि तपासूनही निदान न झालेली श्वसनाची लक्षणं 'निदान न झालेला आजार' म्हणून वेगळ्या नियमाखाली मागता येतात.

सिगारेटचा प्रश्न हमखास येतो. तंबाखू हेच कारण दाखवून केलेला क्लेम १९९८ पासून कायद्याने बंद आहे. पण तुम्ही सिगारेट ओढत होतात एवढ्यावरून प्रिझम्प्टिव्ह हक्क आपोआप जात नाही. डॉक्टरांना आणि परीक्षकांना (क्लेमसाठी व्हीए ज्यांच्याकडे तपासणीला पाठवते त्यांना) खरं ते सांगा: किती वर्षं ओढली, कधी सोडली. लपवलेली गोष्ट जुन्या फाइलमध्ये सापडते आणि मग बाकीच्या सांगण्यावरचाही विश्वास उडतो.

फुंकायची चाचणी: इथे पैसे ठरतात

आजार किती तीव्र आहे हे व्हीए टक्क्यांत ठरवते, त्याला रेटिंग म्हणतात, आणि दरमहाची रक्कम त्यावरच ठरते. फुप्फुसाच्या बहुतेक आजारांत रेटिंग ठरतं ते पल्मनरी फंक्शन टेस्टवरून. काचेच्या खोलीत बसवतात, नाकाला चिमटा लावतात, तोंडात नळी देतात आणि छाती भरून घेतलेला श्वास एका दमात, संपेपर्यंत फुंकायला सांगतात. हे तीनदा तरी होतं. मग इनहेलर देऊन थोडा वेळ थांबवतात आणि पुन्हा फुंकायला लावतात. दुसऱ्या भागात एक विशिष्ट वायू आत ओढून दहा सेकंद धरायला लावतात, त्यावरून फुप्फुसातून रक्तात वायू किती जातो ते मोजतात. हा दुसरा भाग म्हणजे डीएलसीओ. अनेक ठिकाणी तो केलाच जात नाही, फक्त पहिल्या भागावर काम भागवतात.

अहवालात आकड्यांचे खूप रकाने असतात. तुम्हाला पाहायचे आहेत ते 'अपेक्षितच्या किती टक्के' या रकान्यातले. त्यात एफईव्ही-१ म्हणजे पहिल्या सेकंदात बाहेर आलेली हवा, एफव्हीसी म्हणजे एकूण हवा, आणि डीएलसीओ. चौथा आकडा एफईव्ही-१ आणि एफव्हीसीच्या गुणोत्तराचा.

जुनाट ब्राँकायटिस, एम्फिसीमा आणि सीओपीडी यांचा तक्ता सारखाच आहे. एफईव्ही-१ ७१ ते ८० टक्के असेल तर रेटिंग १० टक्के. ५६ ते ७० असेल तर ३०, ४० ते ५५ असेल तर ६०, आणि ४० च्या खाली गेलं तर १००. गुणोत्तरालाही हेच टप्पे. डीएलसीओला थोडे वेगळे: ६६ ते ८० ला १० टक्के, ५६ ते ६५ ला ३०, ४० ते ५५ ला ६०, आणि ४० च्या खाली १००. यातलं कोणतंही एक लागू झालं तरी पुरतं. इंटरस्टिशियल लंग डिसीज आणि फायब्रोसिसमध्ये एफईव्ही-१ च्या जागी एफव्हीसी पाहतात: ७५ ते ८० ला १०, ६५ ते ७४ ला ३०, ५० ते ६४ ला ६०, ५० च्या खाली १००. घरी ऑक्सिजन लागत असेल तर या सगळ्या आजारांत १०० टक्के, आणि मग रेटिंगसाठी फुंकायच्या चाचणीचीही सक्ती नाही.

आता एक उदाहरण. सीओपीडी असलेल्या एकाचा अहवाल असा समजा: इनहेलरआधी एफईव्ही-१ ५४ टक्के, इनहेलरनंतर ६२, डीएलसीओ ५१. घरच्यांना वाटतं ५४ म्हणजे ६० टक्के मिळणार. पण या आजारांत व्हीए इनहेलरनंतरचा आकडा धरते (नंतरचा आकडा आधीपेक्षा खाली गेला असेल तरच आधीचा). म्हणजे एफईव्ही-१ वरून ३० टक्के. डीएलसीओ मात्र ६० टक्क्यांच्या टप्प्यात बसतो. दोन चाचण्या वेगवेगळं सांगत असतील तर नियम असा की कोणती चाचणी आजाराची खरी तीव्रता दाखवते हे परीक्षकाने लिहायचं, आणि ती धरायची. परीक्षकाने तो रकाना मोकळा सोडला तर अहवाल अपुरा ठरतो आणि त्यावर आक्षेप घेता येतो. डीएलसीओ केलीच नसेल तर ती का गरजेची नव्हती याचं कारण परीक्षकाने द्यायला हवं. ३० आणि ६० मधला फरक छोटा नाही. २०२५ च्या दरांनी एकट्या माणसाला ३० टक्क्यांचे महिना ५३७.४२ डॉलर आणि ६० टक्क्यांचे १,३९५.९३ डॉलर मिळत होते.

म्हणून माझा आग्रह असा: क्लेमआधी आपल्या डॉक्टरांकडून इनहेलरआधीची, नंतरची आणि डीएलसीओ, अशी पूर्ण चाचणी करून घ्या आणि पूर्ण अहवालाची प्रत ठेवा, नुसता निष्कर्षाचा परिच्छेद नको. व्हीएच्या आरोग्यसेवेत नाव असेल तर ही चाचणी तिथेच होऊ शकते.

दम्याचा तक्ता वेगळा आहे, त्यात औषधांनाही तितकंच महत्त्व आहे. इनहेलर अधूनमधून लागत असेल तर १० टक्के, रोज लागत असेल तर ३०. वर्षात किमान तीनदा पोटातून किंवा इंजेक्शनने स्टेरॉइडचा कोर्स घ्यावा लागला, किंवा दमा उसळल्याने दर महिन्याला डॉक्टरांकडे जावं लागलं, तर ६०. त्यामुळे दम्याच्या रुग्णाने औषधाच्या दुकानाची छापील यादी काढून आणावी: कोणतं औषध, कोणत्या तारखेला, किती दिवसांचं. प्रेडनिसोन या स्टेरॉइडचे तीन कोर्स त्या यादीत दिसले की वाद उरत नाही. अर्जंट केअरमध्ये घेतलेला कोर्स नेहमीच्या डॉक्टरांच्या फाइलमध्ये नसतो, तो वेगळा मागवा.

फुप्फुसाच्या कर्करोगाला, तो सक्रिय असेपर्यंत आणि उपचार थांबल्यावर सहा महिने, १०० टक्के रेटिंग असतं. मग पुन्हा तपासणी होते आणि उरलेल्या त्रासावर रेटिंग ठरतं.

फॉर्म आणि घरच्यांचं निवेदन

मुख्य फॉर्म २१-५२६ईझेड. त्यात विषारी संपर्काचा स्वतंत्र भाग आहे, तो कोरा ठेवू नका: देश, तारखा, बर्न पिट, वाळूची वादळं, जे होतं ते. आजाराच्या रकान्यात प्रत्येक आजार वेगळ्या ओळीत लिहा. खासगी डॉक्टरांच्या फायली व्हीएने मागवाव्यात असं वाटत असेल तर २१-४१४२ आणि २१-४१४२ए द्या. पण स्वतः मागवून जोडल्या तर काम लवकर होतं. आजार जीवघेणा असेल, घरात पैशाची फार ओढाताण असेल किंवा डोक्यावर छप्पर नसेल, तर २०-१०२०७ भरून क्लेम पुढे घ्यायची विनंती करा. फायब्रोसिस आणि कर्करोगाच्या रुग्णांनी हा फॉर्म विसरू नये.

जवळच्या माणसाचं निवेदन २१-१०२१० वर देता येतं. इथे भावनेपेक्षा डोळ्यांनी पाहिलेलं लिहायचं. 'माझा नवरा फार त्रासात आहे' याने काही साधत नाही. असं लिहिलेलं उपयोगी पडतं:

'२००९ च्या मे महिन्यात तो कुवेतहून परत आला. जाण्याआधी तो दर रविवारी मुलाबरोबर पळायला जायचा. त्या उन्हाळ्यात पार्किंगपासून घरापर्यंत सामान आणताना तो दोनदा थांबू लागला. आता रात्री खोकल्यामुळे तो आरामखुर्चीत बसून झोपतो. मागच्या वर्षी डिसेंबरात मी त्याला दोनदा इमर्जन्सीत नेलं.'

तारीख, आधी काय होतं, नंतर काय झालं, एवढंच. सासूबाईंनी किंवा आईने मराठीत लिहून दिलं तर त्याचा इंग्रजी अनुवाद आणि अनुवाद करणाऱ्याची सही जोडा.

परीक्षकासमोर

क्लेम गेल्यावर बहुतेकांना सी अँड पी, म्हणजे भरपाई ठरवण्यासाठीच्या, तपासणीला बोलावतात. ती व्हीएतर्फे कंत्राटदारही घेतात, तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला तर उचला. न सांगता गैरहजर राहिलात तर हातातल्या कागदांवर निर्णय होतो, आणि तो बहुधा विरुद्ध जातो. जमत नसेल तर आधी कळवून तारीख बदलून घ्या.

हा परीक्षक तुमच्यावर उपचार करत नाही, त्याला एक ठरलेला फॉर्म भरायचा असतो. सैनिकी सवय इथे नडते. 'कसे आहात' म्हटल्यावर तोंडातून 'ठीक आहे' निघून जातं आणि तेच अहवालात उतरतं. वाढवून सांगू नका, पण कमी करूनही सांगू नका. वाईट दिवशी काय होतं ते सांगा, तसे दिवस महिन्यात किती येतात तेही सांगा. कामावर किती रजा झाल्या, कोणतं काम सोडावं लागलं, तेही बोला. चाचणीत पूर्ण जोर लावून फुंका. मुद्दाम हळू फुंकलेलं यंत्राला कळतं आणि अहवालावर 'अपुरा प्रयत्न' असा शेरा पडतो, मग तो अहवालच निकामी. घरी आल्यावर काय विचारलं, कोणत्या चाचण्या झाल्या, किती वेळ लागला, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. अपिलात ते कामी येतं.

यादीत नसलेल्या आजारासाठीही पॅक्ट कायद्यात एक तरतूद आहे: विषारी संपर्काचा पुरावा असेल तर व्हीएने तपासणी करून वैद्यकीय मत घ्यायचं असतं. तिथे कसोटी असते 'संबंध असण्याची शक्यता निदान अर्धी तरी'. पारडं समसमान असेल तर निर्णय सैनिकाच्या बाजूने द्यायचा असतो.

निर्णयपत्र वाचताना

टक्क्यांची बेरीज साधी होत नाही. ६० आणि ३० म्हणजे ९० नव्हे. ६० गेल्यावर उरलेल्या ४० चे ३० टक्के म्हणजे १२. एकूण ७२, आणि जवळच्या दहाला आणून ७०.

श्वसनाच्या आजारांचा आणखी एक नियम आहे. दमा, सीओपीडी, फायब्रोसिस अशा फुप्फुसांच्या आजारांना वेगवेगळी रेटिंग देऊन एकत्र करत नाहीत. जो जास्त तीव्र, त्याचं एकच रेटिंग, आणि एकूण त्रास मोठा असेल तर त्याची वरची पायरी. स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याचा आजार, हाही याच टोपलीत पडतो. ज्याला अ‍ॅप्नियाचे ५० टक्के आधीच आहेत, त्याला दम्याचे ३० मिळाले तरी एकूण आकडा सहसा हलत नाही. सायनसायटिस आणि ऱ्हायनायटिस मात्र या नियमाबाहेर आहेत, त्यांचं रेटिंग स्वतंत्रपणे जोडलं जातं.

३० टक्के आणि वरच्या रेटिंगला पती-पत्नी, मुलं आणि अवलंबून असलेल्या आई-वडिलांसाठी जास्त रक्कम मिळते, पण त्यांची नावं कळवली तरच. आजारामुळे नोकरीच करता येत नसेल, आणि एकच आजार ६० टक्क्यांचा असेल, किंवा एकूण ७० असून त्यात एक तरी ४० चा असेल, तर २१-८९४० भरून १०० टक्क्यांच्या दराने भरपाई मागता येते. २०२५ साली तो दर एकट्या माणसाला महिना ३,८३१.३० डॉलर होता. दर दरवर्षी डिसेंबरात महागाईप्रमाणे बदलतात.

नकार आला तर

पत्राच्या तारखेपासून एक वर्ष हातात असतं आणि वाटा तीन. नवा पुरावा असेल, म्हणजे नेमकं निदान, पूर्ण चाचणी, नवं निवेदन, तर सप्लिमेंटल क्लेम, फॉर्म २०-०९९५. पुरावा होता पण तो नीट वाचला नाही असं वाटत असेल तर हायर लेव्हल रिव्ह्यू, २०-०९९६. यात नवा कागद चालत नाही, पण वरिष्ठ अधिकाऱ्याशी फोनवर बोलायची संधी मागता येते. तिसरी वाट व्हीएच्या अपील बोर्डाकडे अपील, १०१८२. ती सर्वांत लांबची. वर्षाच्या आत यातली कोणतीही वाट धरली तर पहिली तारीख टिकते.

माझ्या मते बहुतेक फुप्फुसांच्या प्रकरणांत पहिली वाट बरोबर असते, कारण नकार सहसा कागद कमी पडल्यामुळे आलेला असतो. आणि २०२२ च्या आधी ज्यांना 'सेवेशी संबंध नाही' म्हणून परत पाठवलं होतं, त्यांनी, वर्ष उलटून गेलं असलं तरी, सप्लिमेंटल क्लेम जरूर करावा. आजार यादीत असेल तर तो जुना नकार आता आड येत नाही.

हे सगळं एकट्याने करायची गरज नाही. डिसेबल्ड अमेरिकन व्हेटरन्स, अमेरिकन लीजन, व्हीएफडब्ल्यू या संस्थांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी फुकट मदत करतात. बऱ्याच काउंटींत सरकारी व्हेटरन्स सर्व्हिस ऑफिसर असतो. पहिल्या क्लेमसाठी कुणी पैसे मागितले, किंवा वाढीव भरपाईतला हिस्सा मागितला, तर तिथून उठा. मान्यताप्राप्त वकिलालाही पहिला निर्णय लागल्यावरच फी घेता येते, आणि थकबाकीच्या २० टक्क्यांपर्यंतची फी वाजवी मानली जाते.

माणूस गेल्यावर, आणि माणूस परदेशी गेल्यावर

सैनिकाचा मृत्यू यादीतल्या आजाराने झाला असेल तर त्याच्या पत्नीला किंवा पतीला डीआयसी नावाची मासिक रक्कम मिळू शकते, जिवंतपणी त्याने कधीच क्लेम केला नसला तरी. २०२५ साली तिचा मूळ दर महिना १,६५३.०७ डॉलर होता. फॉर्म २१पी-५३४ईझेड. मृत्यूच्या दाखल्यावर काय लिहिलंय ते बारकाईने पाहा. 'हृदय बंद पडलं' एवढंच असेल आणि खरं कारण फायब्रोसिस असेल, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून दाखला दुरुस्त करून घ्या किंवा त्यांचं पत्र जोडा. क्लेम चालू असताना मृत्यू झाला तर तो पुढे चालवायला घरच्यांना एक वर्षाची मुदत असते, फॉर्म २१पी-०८४७. पूर्वी डीआयसी नाकारलं गेलेल्या घरांनाही पॅक्ट कायद्याखाली पुन्हा अर्ज करता येतो.

निवृत्तीनंतर अमेरिकेबाहेर राहायला गेलात तरी मंजूर भरपाई थांबत नाही. उपचाराचं मात्र वेगळं असतं: व्हीएचे नेहमीचे दवाखाने तिथे सहसा नसतात, पण फॉरेन मेडिकल प्रोग्रॅममध्ये नाव घातलं तर सेवेशी जोडलेल्या आजाराचा खर्च मागता येतो. परदेशी जाण्याआधीच हे नाव घाला, आणि आपल्या मंजूर आजारांच्या यादीचं पत्र बरोबर ठेवा. दवाखान्याच्या बिलावर आजाराचं नाव त्या पत्रातल्यासारखंच लिहून घ्या. बिलावर नुसतं 'श्वसनविकार' असलं तर पैसे अडकतात.